भुवई वर गेली की प्रश्न होतो!

भुवयांना व्याकरण असतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! ‘चहा झाला’ हे हातांनी सांगायचं आणि सांगतासांगता भुवया उंचवायच्या, डोळे मोठे करायचे, मान किंचित पुढे घ्यायची. बस, ‘चहा झाला का?’ तयार! हात तेच, खुणाही त्याच, प्रश्नचिन्ह तेवढं चेहऱ्यावर उमटतं. मी उभी हयात शाळेत मुलांना व्याकरण शिकवलं. कर्ता, कर्म, क्रियापद, विभक्तीचे तक्ते, सगळं. आणि आता साठी ओलांडल्यावर साताऱ्याच्या माझ्याच स्वयंपाकघरात मला एक अख्खी नवी भाषा भेटली आहे. सध्या भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

ही भाषा घरात आणली माझ्या सुनेनं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मुलगा आणि ती एकाच ऑफिसात होते. तो तिच्याकडून भारतीय सांकेतिक भाषा शिकला आणि पुढे दोघांनी लग्न केलं. सूनबाई मराठी उत्तम लिहिते-वाचते, त्यामुळे सुरुवातीला आमचं सगळं मोबाइलवर लिहून चालायचं. पण जेवताना मुलगा आणि ती एकमेकांशी बोलत, हसत, भांडत, तेव्हा त्या हातांचा वेग बघून माझा जीव नुसता तळमळायचा. मलाही यायला हवं हे! मी तिला लिहून विचारलं, ‘मला शिकवशील?’ तिनं मोबाइल सरळ बाजूला ठेवला. तो माझा पहिला धडा.

आणि काय काय निघालं त्यात! ‘मी तुला विचारते’ म्हणायचं तर विचारण्याची खूण माझ्याकडून तुझ्याकडे जाते. ‘तू मला विचारतेस’ म्हणायचं तर तीच खूण उलटी, तुझ्याकडून माझ्याकडे. द्वितीया-चतुर्थीचे प्रत्यय मुलांकडून घोकून घेताना माझा घसा सुकायचा, आणि इथे ते काम एका दिशेनं होतं! गोष्ट सांगताना तर सूनबाई समोरच्या हवेत माणसं मांडते. मावशी डावीकडे, मामा उजवीकडे. एकदा जागा ठरली की पुढे नाव घ्यायलाच नको, त्या जागेकडे बोट केलं की मावशी आली. झालेला काळ खांद्यामागे, येणारा काळ पुढे. बाईची खूण नाकाशी, जिथे चमकी असते तिथे, आणि पुरुषाची मिशीवर. आणि ‘तुझं नाव काय’ विचारायचं तर खुणांचा क्रमही तोच: तुझं, नाव, काय. प्रश्नाची खूण शेवटी! नकारही शेवटी, आपल्या ‘मी जात नाही’सारखाच. हे कळलं तेव्हा मी ओट्यापाशी अक्षरशः उडीच मारली.

मला वाटायचं, खुणा म्हणजे जगभर एकच भाषा असणार. मुळीच नाही! इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजीच, पण तिथल्या बधिर माणसांच्या भाषा अगदी वेगळ्या. अमेरिकेतल्या भाषेचं जवळचं नातं निघतं फ्रान्सशी, कारण 1817 मध्ये हार्टफर्डला बधिर मुलांची शाळा निघाली तेव्हा लोराँ क्लेर नावाचे फ्रेंच बधिर शिक्षक तिथे शिकवायला गेले. अमेरिकेत अक्षरं एका हातानं काढतात, आपल्याकडे दोन्ही हातांनी. आपल्या पद्धतीत इंग्रजीचे पाच स्वर एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर बसतात, ‘ए’ अंगठ्यावर आणि ‘यू’ करंगळीवर. मला हे इतकं आवडलं की भाजी निवडतानाही मी बोटांची टोकं मोजत बसते.

पण याच भाषेला शाळांनी किती काळ दाराबाहेर ठेवलं! 1880 मध्ये मिलानला बधिर मुलांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुलांना तोंडानंच बोलायला शिकवावं, खुणा नकोत, असा ठराव तिथे झाला आणि त्याची सावली जगभरच्या शाळांवर कितीतरी दशकं राहिली. माझी सूनही अशाच एका शाळेत शिकली. वर्गात ओठ वाचायचे आणि उच्चारांचा सराव करायचा. भाषा मात्र ती वसतिगृहात शिकली, मोठ्या मुलींकडून, रात्री दिव्याखाली. ती हे सांगते तेव्हा माझ्यातली शिक्षिका संतापते. या खुणांनाही भाषेची घडण आहे हे विल्यम स्टोकी या अमेरिकी प्राध्यापकांनी 1960 मध्ये लिहून दाखवलं. आपल्याकडे दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था 2015 मध्ये निघाली. तिचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये तो 10,000 शब्दांचा झाला. हा शब्दकोश व्हिडिओंचा आहे! खूण, वाक्यातला वापर, सगळं डोळ्यांनी बघायचं. दुपारी लोक मालिका बघतात, मी शब्दकोश बघते.

घर तर किती बदललं! हाक मारायची तर दिवा एकदा चालू-बंद करायचा किंवा खांद्यावर हलकं थोपटायचं. टेबलावर थाप दिली तरी चालते, तिला कंप कळतो. दाराच्या घंटीला दिवा जोडला आहे. ओट्यावरचा बल्ब बदलून मोठा लावला, कारण अंधुक उजेडात बोलणंच होत नाही. जेवायला आता ओळीत बसत नाही, गोल बसतो, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. हात कणकेत असले की गप्पा थांबतात. मग हात धुवायचे, वळायचे आणि समोर बघून बोलायचं. पूर्वी माझी निम्मी बोलणी कढईकडे बघत व्हायची. आता बोलायचं तर माणसाकडे बघावंच लागतं, आणि मला ते फार, फार आवडायला लागलं आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट तर पुढेच आहे. ह्यांना वयामुळे ऐकू कमी येऊ लागलं होतं. यंत्र आहे, पण चारजण एकदम बोलायला लागले की त्यात गलका होतो, म्हणून हे जेवताना गप्प गप्प असायचे. पान संपवून लवकर उठायचे. सूनबाईनंच ते हेरलं. ‘बाबांनाही शिकवू या’ ही कल्पना तिची. आधी पाणी, मीठ, आमटी, पुरे, अजून एवढंच. मग बातम्या. मग राजकारण! आता हे आणि सूनबाई जेवणं झाल्यावरही तासभर बसून असतात. क्रिकेटवर दोघांचं जोरदार वाजतं आणि घरात चिडीचूप शांतता असते. ह्यांचा चेहरा तर काय बोलतो म्हणून सांगू! इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या भुवया इतक्या हललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. घरात ऐकू न येणारी माणसं आता दोन आहेत, आणि त्यातल्या एकीनं दुसऱ्याला पुन्हा पंगतीत आणून बसवलं.

फायदे तरी किती सांगू! लग्नाच्या हॉलमध्ये बँड कानठळ्या बसवत असताना आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारतो. तोंडात घास असला तरी बोलता येतं. ती कोल्हापूरला माहेरी निघाली की एसटीची काच बंद झाल्यावरही आमचं बोलणं चालूच असतं, गाडी वळेपर्यंत. शेजारची मुलं आता टाळ्या वाजवायच्याऐवजी दोन्ही हात वर करून हलवतात, बधिर माणसांची दाद अशीच असते. आणि मला नाव मिळालं आहे! सांकेतिक भाषेत माणसाला खुणेचं नाव असतं, ते बधिर माणसानं द्यायचं असतं. माझं नाव म्हणजे चष्मा कपाळावर सरकवणं. माझी ही सवय मलाच ठाऊक नव्हती, तिनं टिपली.

यंदा गणपतीत आरती हातांनीही होणार आहे. सूनबाई ओळीओळीचा अर्थ लावून खुणा बसवते आहे. कुठल्या खुणेला टाळांचा ठेका जुळेल यावर तिचा आणि ह्यांचा वाद चालू आहे, ठेका ह्यांनी तिच्या तळहातावर थोपटून दाखवायचा असं ठरलं आहे. पुण्याहून तिच्या मैत्रिणी येणार आहेत, त्यांच्यासाठी मखराशेजारी आणखी एक ट्यूबलाइट लावायची आहे. तालीम रविवारपासून आहे आणि आळीतल्या सगळ्यांना मी आमंत्रण देऊन ठेवलं आहे.