हत्यारांची जागा : सोलापूरच्या घरगुती कारखान्यातील मांडणी

मराठीत ‘हत्यार’ हा एकच शब्द सैनिकाच्या तलवारीला आणि सुताराच्या पटाशीला, म्हणजे लाकूड तासण्याच्या धारदार पोलादी पात्याला, सारखाच लागू पडतो, आणि या दोन्ही अर्थांची गाठ आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीला, पडते. ‘खंडे’ म्हणजे शस्त्र. ज्या घरात शस्त्र नाही त्या घरात ज्या साधनावर पोट चालते त्याची पूजा होते. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती पिढ्यानपिढ्या नांदत आली असून तेथे घरालगतच्या पत्र्याच्या शेडमधील चार-सहा यंत्रमागांनाही ‘कारखाना’ असेच म्हणतात. या कारखान्यांतून खंडेनवमीला माग थांबतात, पाने, पकडी, हातोड्या, कानशी, धोटे आणि फण्या पुसून स्वच्छ केल्या जातात, आणि हळदकुंकू व झेंडूची फुले वाहून त्यांची पूजा केली जाते. या मांडणीकडे केवळ धर्मविधी म्हणून पाहणे अपुरे ठरते. कारखान्याचा सगळा हत्यारसाठा एकाच वेळी, एकाच नजरेत येतो असा वर्षातील तो बहुधा एकमेव दिवस असतो, आणि कोणता पाना झिजला, कोणत्या हातोडीचा दांडा सैल झाला, कोणती कानस मुळात घरातच नाही, हे त्या दिवशी न विचारता कळते.

घरगुती कारखान्यातील हत्यारांची व्यवस्था कशी असावी, या प्रश्नाचे उत्तर या एका दिवसाच्या मांडणीत दडलेले आहे. हत्यारे पेटीत असली की ती सुरक्षित वाटतात, परंतु पेटी हे अंधाराचे साधन आहे. तिच्यात काय आहे हे दिसत नाही आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, काय नाही हेही दिसत नाही. भिंतीवर मांडलेल्या हत्यारांचे खरे मोल त्यांच्या देखणेपणात नसून त्यांच्यामधील रिकाम्या जागेत असते, कारण रिकामी खुंटी स्वतःच तक्रार नोंदवते. मोठ्या कारखान्यांच्या हत्यारखान्यात हत्यार नेणाऱ्याकडून क्रमांकाचा पितळी बिल्ला घेऊन तो रिकाम्या खुंटीवर अडकवण्याची जी पद्धत असे, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाल्यापासून यंत्रावर काम करणाऱ्यांची एक परंपरा या शहरात तयार झाली. त्या परंपरेतील काटेकोरपणा घरच्या शेडपर्यंत आणायला फार खर्च लागत नाही, फक्त भिंत लागते.

भिंतीवर मांडणी करताना पहिला पेच मापांचा येतो. देशी यंत्रमागाच्या घडणीवर इंग्लंडमधील लँकेशायरच्या जुन्या मागांचा ठसा असल्याने त्यावरील अनेक बोल्ट इंची मापाचे असतात, तर मोटर आणि नव्या जोडण्या मिलिमीटरच्या मापात येतात. कारागिरांच्या बोलीत इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात, त्यामुळे अर्धा इंच म्हणजे चार सूत होतो. ज्या शहराचे पोट सुताच्या धाग्यावर चालते त्या शहरात लोखंडाचेही माप सुतातच सांगितले जावे, हा भाषेचा योग लक्षात राहण्याजोगा आहे. चार सुताचा पाना आणि बारा-तेराचा पाना डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, पण चुकीचा पाना लावला की बोल्टचे कोपरे गोल होतात आणि पुढे तो बोल्ट छिन्नीनेच काढावा लागतो. म्हणून सुतातले पाने एका ओळीत आणि मिलिमीटरचे दुसऱ्या ओळीत, चढत्या क्रमाने, आणि दोन्ही ओळींच्या दांड्यांना वेगवेगळ्या रंगाचा पट्टा, एवढा भेद तरी पाळलाच पाहिजे. बाहेरून येणारा जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा तंत्रज्ञ, स्वतःची हत्यारे घेऊन येत असल्याने हा रंग घरची आणि पाहुणी हत्यारे वेगळी ठेवण्यासही उपयोगी पडतो.

विणकामाच्या खास साधनांना मात्र खुंटी हे सरसकट उत्तर नाही. फणी, म्हणजे ताण्याचे उभे धागे समान अंतरावर राखणारी आणि बाण्याचा आडवा धागा ठोकून बसवणारी तारांची चौकट, वरून नुसती ताठ दिसली तरी तिची एक तार वाकली की कापडात थेट उभी रेघ उमटते. ती तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून, आडव्या फळीवर ठेवावी, तिच्यावर दुसरे वजन येऊ देऊ नये आणि दोन इंचांतील घरांच्या संख्येवरून ठरणारा तिचा क्रमांक कडेवर ठळक लिहावा. धोट्याची, म्हणजे बाण्याचा धागा आरपार नेणाऱ्या साधनाची, लाकडी काया उन्हाने वाकते, म्हणून तो तापलेल्या पत्र्यापासून दूर ठेवावा. धोट्याला ठोकर देणारे चामडी पिकर तेलात मुरवून वापरण्याची जुनी रीत आहे, तेव्हा त्यांचा डबा इतर हत्यारांपासून वेगळा असावा. सर्वांत अधिक जपणूक जकार्टच्या पत्त्यांना लागते. फ्रान्समधील ल्यों येथील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या जकार्ट यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ कोणते धागे उचलायचे हे ठरवते, आणि सोलापुरी चादरीवरील नक्षी याच माळेतून उतरते. तेव्हा नक्षीचे नाव लिहून उंच आकड्यावर टांगलेली पत्त्यांची माळ ही त्या घराची लिखित ठेवच म्हणायला हवी, आणि तिला ओल व उंदीर यांपासून वाचवणे हे पाने पुसण्याहून मोठे काम आहे.

उघड्या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. सोलापूरची हवा कोरडी असली तरी सुती धागा तुटू नये म्हणून मागाभोवती ७५ ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता इष्ट मानली जाते, तर साधारण ६० टक्क्यांच्या पुढे पोलादाचे गंजणे वेग घेते. धाग्याला जे मानवते ते हत्याराला मानवत नाही. त्यातच हवेत तरंगणारे कापसाचे तंतू तेलकट पोलादावर चिकटतात आणि ओल धरून ठेवतात. यावर पेटीकडे परतणे हा उपाय नव्हे. हत्यारांची भिंत मागांपासून दूरच्या बाजूस घ्यावी, प्लायवूडची फळी भिंतीला थेट न चिकटवता मागे लाकडी पट्ट्या देऊन हवेस वाट ठेवावी, आणि दिवसाचे काम संपताना कोरडा कुंचला फिरवावा. तेलाची फडकी मात्र झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकावीत, कारण लाकडाला लावण्याच्या जवसाच्या तेलाने भिजलेले फडके ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकते.

जागा ठरली की ती रेखाटणे उरते. अमेरिकेत १९२४ साली विल्यम मेसन यांनी लाकडाच्या लगद्यापासून कठीण फळी बनवण्याची रीत शोधली, आणि पुढे तशाच फळ्यांना एकेक इंचावर भोके पाडून त्यांत आकडे अडकवण्याची पद्धत घरोघरच्या कार्यशाळांत रूढ झाली. हीच पद्धत पॉल चाइल्ड यांनी पत्नी, पाककलालेखिका ज्यूलिया चाइल्ड, यांच्या स्वयंपाकघरात नेली आणि टांगलेल्या प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा फळीवर काढून ठेवली. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोलापूरच्या शेडमध्ये तशी फळी नसली तरी खिळे आणि रंगाची एक डबी पुरते. हत्यार टांगून त्याभोवती प्रथम खडूने रेघ ओढावी, महिनाभर त्या जागी हात सहज जातो का हे पाहावे, रोजची हत्यारे कंबरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत आणि घण-पहारीसारखी जड हत्यारे खाली अशी फेररचना करावी, आणि मगच रंग भरावा.

खंडेनवमीचे ओले कुंकू आणि फुलांचा दमटपणा पोलादावर दिवसभर राहिल्यास डाग धरतो, म्हणून दसऱ्याच्या सकाळी प्रत्येक हत्यार पुसून, तेलाचे बोट फिरवून, थेट आपल्या आकृतीत टांगावे; त्या सकाळी ज्या आकृत्या रिकाम्या राहतील त्यांची यादी कागदावर उतरवावी, आणि दसऱ्याच्या मुहूर्ताची पहिली खरेदी त्या यादीतून व्हावी.