डाळीचं पाणी नको, डाळ द्या



आजची नोंद वावरातली कमी आणि चुलीजवळची जास्त आहे. पण लहान लेकरू असलेल्या प्रत्येक शेतकरी घराला उपयोगी पडेल.

आमच्या नातीला आठवा महिना चालू आहे. सूनबाई चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. दिवसा पोरगी आजीजवळ. वजन काही म्हणावं तसं वाढेना. अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, "काय भरवता?" आजी म्हणाली, "डाळीचं पाणी, पेज." आपल्याकडची जुनी रीतच आहे ती. ताई म्हणाल्या, "आजी, पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही एवढं घट्ट द्या."

शेतकऱ्याला हे लगेच पटतं. नुसत्या पाण्यावर पीक हिरवं दिसेल, पण दाणा भरणार नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं. पुढं ते चालू ठेवून वरचं घट्ट अन्न लागतं, त्यात लोह लागतं. इवल्याशा पोटात पाण्याला जागा कुठली?

आता आमच्याकडं एकाच कुकरमध्ये सगळ्यांचं होतं. दोन वाट्या इंद्रायणी, एक वाटी मूगडाळ, दुधी, गाजर, मूठभर पालक, हळद. मऊ शिजवायचं. इंद्रायणी हे आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं १९८७ चं वाण. चिकट असल्यानं छान घोटलं जातं, वासही सुटतो. बाळाचा वाटा आधी काढायचा. छोट्या कढल्यात चमचाभर तेल, जिरं, ठेचलेला लसूण, किंचित हिंग, ही फोडणी त्यावर. वर दोन थेंब लिंबू. त्यानं डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको. मग उरलेल्यात मिरची, कांदा, मीठ घालून आमचं जेवण. बाळाचं बेचव असायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? जिऱ्या-लसणाचा वास आला की पोरगी आता तोंड उघडते.

आलटून पालटून लाल भोपळा, रताळं. भात निघाल्यावर ओलीवर घेतलेला पावटा भिजवून, सोलून, पार मऊ शिजवून घोटायचा. अख्खा दाणा, शेंगदाणा, कच्च्या गाजराचा तुकडा देऊ नका, घशात अडकतो. आणि घरात दूधदुभतं, अंडं काहीच खात नसाल तर बी-१२ भाज्यांतून मिळत नाही, डॉक्टरांना विचारा.

आता फवारणीचं. औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. बाजाराच्या मालालाही ते पाळायचंच, कारण तिकडंही कुणाचं तरी लेकरू खातं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत जातं, नळाखाली धुवून निघत नाही. म्हणून मी बांधाकडच्या दोन ओळी घरच्यासाठी वेगळ्या ठेवल्यात. तिथं फक्त निंबोळी अर्क आणि हातानं अळ्या वेचणं. उत्पन्न थोडं कमी येतं, पण ताटात काय चाललंय ते माहीत असतं.

या महिन्यात काटा थोडा वर सरकलाय. थोडाच, पण सरकलाय.

तुमच्याकडं लेकरांना कोणती भाजी कशी भरवतात? आयाबायांना विचारून लिहा. हे ज्ञान त्यांच्याकडंच आहे.