साठ दिवस आधी मांडलेले पान

फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये, १९७१ साली उभ्या राहिलेल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवावयाचे, तर जागा साठ दिवस आधी धरावी. २०२० पूर्वी ही मुदत १८० दिवसांची होती! तेथे पहाटेचे सहा, तेव्हा बडोद्यास उन्हाळ्यातील साडेतीन. चहा निववून आम्ही जागा मिळविली, मातोश्रींसाठी एक शाकाहारी पदार्थही हेरला. दोन महिन्यांनी पाहतो तो यादीच पालटलेली. तशी पूर्वसूचना असतेच, तक्रार कसली? आचारी स्वतः येऊन विचारपूस करून गेला व भाज्यांचे निराळे ताट आले. खिडकीतून खालच्या घोड्यांच्या फिरत्या चक्राकडे पाहत मातोश्री म्हणाल्या, “मीठ बेताचेच आहे, पण जागा मात्र छान धरलीत हो!”