पोरं मोजण्याआधी

खामगाव

चि. बाळू,

परवा वास्तुशांतीच्या पंगतीत तू सहज बोलून गेलास, "नाना, गरिबांनी पोरं कमी होऊ दिली असती तर देश केव्हाच वर आला असता." चारचौघांत मी गप्प बसलो, पण ते बोलणं काही केल्या घशाखाली उतरत नाही. तू माझ्याच हाताखाली भूगोल शिकलास, म्हणून जास्त लागलं.

अरे, पोरं कमी झालीच आहेत! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं भरली. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतात. मग पऱ्हाटीवाल्या शेतकऱ्याचं कर्ज का फिटलं नाही? 

याचं मूळ जुनं आहे. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा टाकला तो कापसाच्या गाठी लवकर मुंबई बंदरात पोचाव्यात म्हणून. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. आणि 1899-1900 च्या दुष्काळात याच वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. पाऊस गेला, ज्वारी महागली, मजुराच्या हातचं काम सुटलं. रेल्वे होती, पण त्याच्या गाठीला पैसा नव्हता.

लहानपणी आजीबरोबर वेचणीला जायचास ना? बाई पाथ धरते, चिमटीनं बोंड मोकळं करते, वाळलेली टोकं नखाशी रुततात, ओटी भरली की गाठोड्यात रिती करते. मजुरी किलोवर. पुढे जिनात सरकी वेगळी, रुई वेगळी. गाठ बांधली की ती गावाबाहेर. सूत, कापड, शिलाई यांचा पैसा दुसऱ्यांच्या घरात. माली, बुर्किना फासो इथंही बहुतेक कापूस रुई म्हणूनच परदेशी जातो. तिथं घरात लेकरं जास्त, आपल्याकडे कमी. वेचणाऱ्या बाईचं दैन्य मात्र सारखंच. जिथं मूल जगेल याचा भरवसा नाही आणि म्हातारपणी आधार नाही, तिथं लेकरं जास्त होतात. गरिबी आधी येते बाळू, पोरं मागून.

2022 च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या दहा टक्क्यांकडे 76 टक्के संपत्ती आहे, खालच्या अर्ध्या जगाकडे फक्त 2 टक्के. हे काय लेकरांच्या संख्येनं झालं?

मला आता उलटीच काळजी लागली आहे. पोरं पुण्याला, सुरतेला गेली. खेड्यात म्हातारी माणसं उरली, आणि शेती करणाऱ्या मुलाला कुणी मुलगी द्यायला तयार नाही.  

तू अहवाल लिहिणाऱ्यांत बसतोस. पुढच्या अहवालात गरिबांची पोरं मोजशील, तेव्हा शेजारच्या रकान्यात गाठ कितीला विकली गेली आणि वेचणाऱ्या बाईला त्यातले किती मिळाले, तेही लिही.

तुझा,
नाना