कळपाविना राखणदार

कुत्र्याविषयी मराठी भाषेने फारसा गौरवाचा शब्द काढलेला नाही. एखाद्याचा स्वभाव पालटत नाही असे म्हणावयाचे झाले की आपण कुत्र्याचे शेपूट नळीत घालतो. एखाद्याची उपेक्षा झाली की 'त्याला कुत्रेही विचारीत नाही' असे म्हणतो. आणि शत्रूला शाप देण्याची वेळ आली की त्याला कुत्र्याचे मरण चिंतितो. पण हीच भाषा बोलणारी माणसे देवापुढे उभी राहिली की त्यांची दृष्टी निराळी होते. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे भक्त स्वतःला अभिमानाने 'वाघ्या' म्हणवून घेतात. आमच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजे हे तर नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. तेथे दत्ताची तसबीर ठायी ठायी दिसावी यात नवल नाही, आणि दत्त म्हटला की त्याच्या पायाशी चार कुत्रे आलेच. ते कुत्रे नव्हेत, चार वेद आहेत, असे भाविक सांगतात. तसबिरीतल्या कुत्र्याला वेद म्हणावयाचे आणि अंगणातल्या कुत्र्याला पायरी चढू द्यावयाची नाही, या विसंगतीचे मला पूर्वी हसू येई. हल्ली येत नाही. गेली सहा वर्षे आमच्या घरी एक वाघ्या नांदतो आहे, आणि त्याच्या सहवासात मी थोडेसे वेदाध्ययन केले आहे.

हा वाघ्या धनगराच्या वाड्यावरचा. पैनगंगेच्या या मुलखात हटकर धनगरांची वस्ती फार जुनी आहे. सुगी आटोपली, शेते मोकळी झाली, की शेतकरी धनगराला बोलावून शेतात मेंढ्या बसवितो. रात्रभर शेकडो मेंढरे एके जागी बसली की लेंड्यांचे उत्तम खत जमिनीला मिळते, आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो. माझ्या एका स्नेह्याच्या शेतात असाच वाडा पडला होता. तेथे कोकरांच्या उबेला एक पिवळसर पिल्लू निजले होते. ते मला आवडलेले पाहून म्हाताऱ्या धनगराने ते माझ्या ओंजळीत ठेवले. पैसे देऊ केले तर घेईना. मात्र एक अट घातली : "घेऊन जा सर, पन याले काहीतरी काम लावा. रिकामं कुत्रं अन् रिकामा मानूस, दोघंबी बिघडते."

तीस वर्षे अध्यापन केलेल्या मला शिक्षणशास्त्राचे इतके नेटके सूत्र कोठे आढळलेले नाही.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. मेंढपाळाचे कुत्रे दोन जातींचे असतात. एक कळप हाकणारे आणि दुसरे कळप राखणारे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगरांवरील कॉली हा पहिल्या जातीचा. आमच्या धनगराचे कुत्रे प्रामुख्याने दुसऱ्या जातीचे. मेंढरे हाकण्याचे काम धनगर स्वतःच आपल्या आवाजाने आणि काठीने करतो. कुत्र्याने रात्री लांडगा व चोर यांवर नजर ठेवावयाची. हे पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांत वाढते, म्हणून मेंढरांनाच ते आपले गणगोत समजते. हाकणाऱ्याची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा आधी टक लावून पाहतो, मग दबकत जातो, मग वळसा घालून पाठलाग करतो, आणि अखेरीस दात रोवतो. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करीत या क्रमातील पहिल्या पायऱ्या ठेविल्या आणि शेवटची पुसून टाकिली. कॉलीचे कळप वळविणे म्हणजे दात काढून घेतलेली शिकारच होय.

आणि खेळ तरी दुसरे काय असतो? दोन कुत्री खेळू लागली की पाहावे. पाठलाग आहे, झोंबाझोंबी आहे, मानगुटीला धरणे आहे. फक्त चावा नाही. एकाने पुढचे पाय जमिनीला टेकून मागचे अंग उंच केले की दुसऱ्याला कळते : आता जे होईल ते लटके. मार्क बेकॉफ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९९५ साली दाखवून दिले की, ज्याचा विपरीत अर्थ होण्याचा संभव आहे असा एखादा चावा घेण्याच्या आधी किंवा नंतर कुत्री हा नमस्कार पुष्कळदा करतात. आपल्या विधानाचा विपर्यास होऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारे वक्ते मी साहित्यसंमेलनांतही थोडेच पाहिले आहेत. सारांश, या प्राण्याचे काम आणि खेळ यांचे मूळ एकच. ते म्हणजे आवरलेले दात. त्याच्या बुद्धीचा उगमही मला येथेच दिसतो. जो लगेच चावतो त्याला विचार करण्याचे कारण पडत नाही. जो चावत नाही त्याला समोरच्याचे मन ओळखावे लागते.

जेम्स हॉग हा स्कॉटिश कवी स्वतः मेंढपाळ होता. त्याने एका गिनीला विकत घेतलेल्या 'सिरा' नावाच्या कुत्र्याची हकीकत लिहून ठेविली आहे. एका मध्यरात्री सातशे कोकरे उधळली आणि तीन टोळ्या करून अंधारात डोंगरांवर पसार झाली. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर वणवण हिंडले. उजाडल्यावर पाहतात तो एका दरीच्या तळाशी सगळी कोकरे गोळा केलेली, आणि त्यांच्यापुढे सिरा उभा. एकही कोकरू कमी नव्हते. ही बुद्धी केवळ आज्ञा पाळण्याची नव्हे. आज्ञा देणारा जवळ नसताना त्याला काय हवे आहे हे जाणण्याची ही बुद्धी आहे.

आमच्या वाघ्याजवळ सातशे कोकरे नाहीत. पाच माणसांचे कुटुंब, एक तुळशीवृंदावन आणि एक फाटक, एवढाच त्याचा वाडा. पण त्याने तक्रार केली नाही. त्याने आम्हांलाच कळप केले. उन्हाळ्याच्या सुटीत भाचेमंडळी आली आणि लपंडाव सुरू झाला की राज्य कोणावरही असो, पकडण्याचे काम वाघ्या करतो. एकेकाला कोनाड्यातून, पलंगाखालून हुडकून, नाकाने ढुशा देत तो तुळशीपाशी आणून बसवितो. एकजण कमी असला तर पुन्हा शोधास निघतो. त्याला गणित येते की काय हे मी सांगू शकत नाही. उणीव कळते हे मात्र निश्चित. पाहुण्यांच्या चपला तो एका ढिगात रचून ठेवितो आणि त्यांच्यावर हनुवटी टेकून पडतो. मालकांना पाहिजे तेव्हा उठता येत नाही, असा या योजनेतील खुबीचा भाग आहे.

त्याच्या विनोदबुद्धीचा मी स्वतः बळी आहे. माझ्या आरामखुर्चीवर त्याचा डोळा आहे. मी वाचीत बसलो की तो एकाएकी फाटकाकडे धावतो आणि कोणी आल्यासारखा भुंकतो. मी पुस्तक ठेवून बाहेर जाऊन पाहतो, तो रस्ता मोकळा. परत येतो तो खुर्चीत वाघ्या, आणि चेहरा असा की जणू काय भुंकणारा कोणी निराळाच होता! सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, दोघांपैकी एकानेच काहीतरी शिकण्याची तयारी दाखविली आहे.

या बुद्धीला सीमा किती? अमेरिकेत जॉन पिली नावाचे मानसशास्त्राचे एक सेवानिवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी २००४ साली 'चेसर' नावाची बॉर्डर कॉली जातीची कुत्री आणली आणि तीन वर्षांत तिला १०२२ खेळण्यांची नावे शिकविली. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात, तिने कधी न ऐकलेल्या 'डार्विन' नावाची बाहुली परिचित खेळण्यांत मिसळून तिच्याकडून मागविली. ती क्षणभर घुटमळली, आणि नेमकी नवी बाहुलीच घेऊन आली. मला विशेष वाटते ते आणखी एका गोष्टीचे. पिलींनी तिला बक्षीस म्हणून खाऊ दिला नाही, खेळ दिला. दिवसाकाठी चार-पाच तास ते तिच्याबरोबर खेळत. मेंढरांच्या ऐवजी तिला नामांचा कळप मिळाला, आणि निवृत्त प्राध्यापकाला अखेरपर्यंत एक विद्यार्थिनी. २०१८ साली ते गेले; पुढच्याच वर्षी तीही गेली.

चेसरची कीर्ती ऐकून कोणी पुण्या-मुंबईच्या सदनिकेत तसले कुत्रे आणू पाहील, तर त्याला मी आमच्या धनगराची अट ऐकवीन. दिवसभर बंद दाराआड ठेवलेला हा हुशार प्राणी गाद्या फाडतो, आपल्याच शेपटीभोवती फिरतो, सावल्यांचा पाठलाग करतो, आणि मालक म्हणतो की कुत्रे बिघडले. बुद्धिमान प्राणी घरात आणणे ही चैन नाही. ते एक देणे आहे. ते पैशाने फिटत नाही, वेळाने फिटते. इकडे खेड्यांतील चराऊ राने आकसत चालली आहेत, धनगरांची मुले दुसरे उद्योग धरीत आहेत, आणि वाडे विरळ होत आहेत. कळप गेले तर राखणदारांनी कोठे जावे, हा प्रश्न केवळ कुत्र्यांचा राहिलेला नाही.

आमच्याही घरात तो येऊन ठेपला आहे. दोन वर्षांपूर्वी थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास गेले. त्या रात्री दिवे मालवल्यावर वाघ्याने नित्याप्रमाणे प्रत्येकाच्या अंथरुणाशी फेरी घातली, एक खोली रिकामी पाहिली आणि फाटकाशी जाऊन बसला. पंधरवडाभर त्याचा हा क्रम चालला. आम्हीं माणसांनी तोवर 'मुले मोठी झाली की जायचीच' असे एकमेकांना पुष्कळ वेळा समजाविले होते. वाघ्याला कोणी समजावू शकले नाही. आता रविवारी चिरंजीवांचा दूरध्वनी येतो. त्यांचा आवाज ऐकला की वाघ्या कान टवकारतो, दूरध्वनी हुंगतो, मग माझ्या पाठीमागे जाऊन पाहतो, आणि तेथेही कोणी नाही असे दिसल्यावर फाटकापर्यंत एक चक्कर मारून येतो. आवाज आला त्या अर्थी मेंढरू जवळपासच असले पाहिजे, हा त्याचा तर्क. तर्कशास्त्रदृष्ट्या तो सदोष आहे. पण सौभाग्यवती डोळ्यांना पदर लावतात आणि मी खंडन करीत नाही.

मला निवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. वर्ग सुटल्यावर मास्तराने काय करावे यावर स्नेही मंडळी नाना सल्ले देतात. कोणी ग्रंथलेखन सुचवितो, कोणी तीर्थाटन. मी ऐकून घेतो. पण ज्याचा कळप धनगराबरोबर कधीच पुढच्या गावी निघून गेला, तो राखणदार रोज सकाळी चार चपला गोळा करून कामाला लागतो, हे मी पाहत असतो. पायरीवर त्याला आता कोणी अडवीत नाही.