रॉड की प्लेट?

नडगीचं हाड घोट्याच्या जरा वर मोडलं, की एक्स-रे उजेडासमोर धरायच्या आत नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, रॉड टाकणार की प्लेट?" मी तोवर पायाची कातडी बघत असतो. नडगीच्या आतल्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये स्नायू नाही. बोट फिरवलं तर थेट हाड लागतं. रक्तपुरवठा तोकडा, म्हणून हाड जुळायला वेळ लागतो आणि जखम चिघळायला मात्र वेळ लागत नाही.

रॉड गुडघ्याकडून हाडाच्या पोकळीत उतरतो, मोडलेली जागा उघडावी लागत नाही. जर्मनीत क्युन्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडीच्या हाडासाठी रूढ केलेली ही कल्पना आजही मला मोहवते. नडगीच्या मध्यावर पोकळी अरुंद, तिथे रॉड घट्ट बसतो. घोट्याजवळ ती रुंदावते आणि रॉड घंटेतल्या लोलकासारखा सुटा राहतो. खालचा तुकडा जरासा कलला तरी पाऊल तिरकं पडतं. म्हणून रॉडच्या बाजूला हाडात आडवा स्क्रू घालून त्याची वाट मुद्दाम अरुंद करावी लागते. याला पोलर स्क्रू म्हणतात. रॉड हाडात अडकवणारे खालचे स्क्रूही दोन दिशांनी लावायचे. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पुढून आणि बाजूने, दोन्हीकडून रेष सरळ दिसेपर्यंत मी पुढे जात नाही.

हाडावर बसवलेली प्लेट तो खालचा आखूड तुकडा चांगला पकडते. आता दोन लहान छेदांतून ती कातडीखालून सरकवता येते. पण राहते ती कातडीखालीच. सडपातळ माणसाला ती हाताला लागते, बुटाला घासते. जखम उकलली तर धातू उघडा पडतो. मधुमेही, तंबाखू खाणारा रुग्ण समोर असला की मला याचीच धास्ती वाटते.

ब्रिटनमध्ये ३२१ रुग्णांवर या दोन्हींची तुलना झाली, निष्कर्ष २०१७ साली आले. तीन महिन्यांनी रॉडवाले अधिक बरे होते. सहा महिन्यांनी ठळक फरक उरला नाही. मला हे पटतं. सांधा शाबूत असेल तर माझा कल रॉडकडे. भेग सांध्यात उतरली असेल तर सांध्याचा पृष्ठभाग आधी जुळवायला हवा, तिथे बहुधा प्लेटच. गुडघे टेकून निंदणी करणाऱ्या किंवा नमाज पढणाऱ्या माणसाला मात्र रॉडनंतर गुडघा दुखू शकतो हे मी आधीच सांगतो. कोण गुडघे टेकतो ते एक्स-रेत दिसत नाही, विचारावं लागतं.

पाय टम्म सुजलेला, फोड आलेले असताना "आजच करून टाका" असा आग्रह धरू नका. गरज पडली तर बाहेरून सळ्यांची चौकट लावून हाड स्थिर ठेवता येतं. पाय उंचावर ठेवा, तंबाखू बंद करा आणि कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत आम्हाला थांबू द्या.