आधी राज्य बदललं, मग गावच गेलं



नवापूर स्टेशनवर येणारा जो तो त्या बाकड्यावर बसून फोटो काढतो. अर्धं बाकडं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. गंमत आहेच. पण ही हद्द पुढं कुणाच्या शेतातून गेली ते फोटोत दिसत नाही. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, बुडालेल्या शिवाराची.

१ मे १९६० ला दोन राज्यं झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातली १५६ गावं गुजरातेत गेली. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली. कारण तापीवरचं उकाई धरण. १९७२ ला धरण पूर्ण झालं आणि सुमारे १७० गावं पूर्ण किंवा थोडीफार पाण्यात गेली. कित्येक गावांचं आधी राज्य बदललं, आणि बारा वर्षांत गावच गेलं.

माझ्या आजीचं माहेर त्यातलंच. तिचं लग्न झालं तेव्हा ते नवापूर तालुक्यात होतं, आता ती बाजू उच्छल तालुक्यात. नदीकाठची काळी जमीन, ज्वारी आणि तूर, आठवड्याचा बाजार. पाणी चढायच्या आधी लोकांनी आपली घरं आपल्याच हातानं उकलली. सागाचे खांब, दारं, कौलं बैलगाडीत घालून वर माळावर नेली. नव्या गावाला नाव जुनंच दिलं. जमीन मात्र मुरमाड. लाकूड नेलं, कौलं नेली, माती कशी नेणार?

धरण नको होतं असं मी म्हणत नाही. विहिरीच्या पाण्यावर गहू घेतो, पाण्याची किंमत मला कळते. पण उकाईचं पाणी कालव्यानं सुरत, भरूच, वलसाडकडं जातं, त्यावर ऊस उभा राहतो. दिवाळी झाली की आपल्या भागातली माणसं कोयते घेऊन बारडोलीकडं तोडणीला निघतात. आजीच्या भावाची नातवंडंही जातात. ज्या पाण्याखाली त्यांचं शेत आहे, त्याच पाण्यावरचा ऊस ती मजुरीनं तोडतात. हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की कडेची जमीन उघडी पडते, लोक गाळपेर करतात. म्हातारे मामा अजून पावलं मोजून आपला बांध कुठं होता ते दाखवतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडून शेतांची नावं वहीत उतरवून घेतली. चिंचेचं, खळ्याजवळचं, नदीकडचं, मोठ्या बांधाचं. चौदा नावं झाली. पंधरावं त्यांना आठवेना.

नव्या जमिनीचा सातबारा निघतो, पण जुन्या शेताचं नाव त्यावर नसतं. तुमच्या घरात बुडीत गावचं कुणी म्हातारं माणूस असेल, तर या पावसाळ्याआधी त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.